कोरा कान

"समजलं नाही."

शिवांजलीनं दचकून शेजारी पाहिलं. कळंबहून धाराशिवला निघालेल्या एसटीत ती आपलाच लेख पुटपुटत वाचत होती. शेजारच्या तरुणाच्या मांडीवर भाजलेल्या शेंगांची पुडी होती आणि चेहरा अगदी गंभीर होता.

"मी तुम्हाला वाचून दाखवत नव्हते," ती म्हणाली.

"ते खरं. पण ऐकू आलं... आता अर्धवट कसं सोडू? एवढ्या उन्हाळ्यात वर बर्फ होतोच कसा?"

लेख गारपिटीवर होता. गारेच्या पोटातले थर, तिचं वजन, तिचा वेग, सगळं तिनं लिहिलं होतं. खाली ऊन रणरणत असलं तरी खूप उंचावर कडाक्याची थंडी असते, हे मात्र लिहायचं राहून गेलं होतं. तिला ते इतकं ठाऊक होतं, की सांगावं असं वाटलंच नव्हतं.

येडशी यायच्या आत तिनं नवा परिच्छेद लिहिला. त्यानं शेंगा पुढं केल्या आणि स्वतःची ओळख सांगितली. नाव शांतलिंग. कळंबच्या बाजारात वडिलांचं अडतीचं दुकान, शेतकऱ्यांचा माल विकून द्यायचा धंदा. दहावीनंतर विज्ञानाशी आपलं बोलणं बंद आहे, असंही त्यानं सांगून टाकलं.

"भांडण कशावरून झालं?"

"त्यानं मला पस्तीस दिले."

ती हसली. मग एकदम सुचलं म्हणून तिनं त्याला विचारलं, माझ्याबरोबर बैठकीला येता का?

बैठक जिल्ह्यातल्या विज्ञान लेखकांच्या मंडळाची होती. कुणी शिक्षक, कुणी औषध दुकानदार, एक कृषी सहायक. महिन्यातल्या एका रविवारी वाचनालयाच्या सभागृहात जमायचं, एकमेकांचे लेख ऐकायचे, कसोटीला उतरतील ते स्थानिक दैनिकाकडं पाठवायचे. मंडळाचे अध्यक्ष जाफर सर, निवृत्त विज्ञान शिक्षक. त्यांचा एक नियम होता. छापायला जाण्याआधी प्रत्येक लेख विज्ञानाबाहेरच्या माणसाला वाचून दाखवायचा. कळलं नाही तिथं त्यानं हात वर करायचा. लेखकानं तोंडी समजावायचं नाही, वाक्य बदलायचं. अशा माणसाला सर 'कोरा कान' म्हणत. तो मिळणं सोपं नव्हतं, कारण न कळताही मान हलवायची सवय बहुतेकांना असते.

शांतलिंग निघाला होता मावशीकडं जेवायला. तो बैठकीला आला, हात वर करत राहिला आणि मावशीचं जेवण चुकलं. निघताना जाफर सर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बरखुरदार, इतके दिवस कुठं होता तुम्ही?"

पुढच्या महिन्यापासून दोघं एकाच एसटीनं जाऊ लागले. शिवांजली कळंबच्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायची. वर्गातली मुलं माना हलवायची. घरी 'आमची शिवा हुशार' म्हणून सगळे कौतुक करायचे आणि ऐकायचं थांबायचे. शांतलिंग मात्र तिच्या एकेका वाक्यापाशी अडून बसायचा. आपलं बोलणं तळापर्यंत कळावं म्हणून कुणीतरी हट्ट धरतंय, या गोष्टीचं तिला मोठं अप्रूप होतं. कधीकधी रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ती मनातल्या मनात त्या एसटीचे आभार मानायची.

"हात दुखत नाही का तुमचा?" एकदा तिनं विचारलं.

"तुम्ही सोपं लिहा, विश्रांती मिळंल त्याला."

"आणि अवघडच लिहिलं तर?"

"मुद्दाम लिहिता, ते कळलंय मला." तो समोर बघत म्हणाला. "मागच्या लेखात जे सोपं होतं, तेच या लेखात अवघड झालंय."

ती खिडकीबाहेर पाहू लागली. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं... पण कान तापले होते.

पावसाळा सरता सरता लोहारा तालुक्यात जमिनीखालून गडगडल्यासारखे आवाज येऊ लागले. किल्लारीचा भूकंप पाहिलेली माणसं तिथं घरोघरी आहेत. माकणीत लोक अंथरुणं अंगणात टाकू लागले, परतीचा पाऊस भिजवू लागला तरी आत जाईनात. मंडळानं ठरवलं, एक पत्रक काढायचं आणि गावात जाऊन त्याचं जाहीर वाचन करायचं. पत्रक शिवांजलीनं लिहायचं होतं. आजवरचे तिचे लेख कुणी वाचले नसते तरी काही बिघडलं नसतं. हे पत्रक मात्र घाबरलेल्या माणसांच्या हातात पडणार होतं.

बैठकीत तिनं ते शांतलिंगला वाचून दाखवलं. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांत कसं उतरतं, आतला दाब कसा बदलू शकतो, लहान धक्क्यांचा आवाज कसा येतो. वाचताना ती मधूनमधून थांबत होती. त्याचा हात एकदाही वर आला नाही.

"काहीच अडलं नाही?"

"नाही. समजलं."

वर्गातली मुलं म्हणायची तसंच सपाट 'समजलं'. याला आपला कंटाळा आलाय, तिनं मनाशी ठरवून टाकलं. परतीच्या एसटीत तिनं डोळे मिटून घेतले. झोप नव्हती.

माकणीत शाळेच्या पटांगणात गाव जमलं. मंडळाच्या गाडीतून शांतलिंगही आला होता. शिवांजलीनं वाचलं. लोक शांत बसून ऐकत होते. वाचन संपल्यावर पुढच्या रांगेतल्या हरणाबाई उठल्या. वय झालेली बाई, डोक्यावर पदर घट्ट ओढलेला.

"पोरी, लई ग्वाड वाचलंस. समदं समजलं. आता येवढंच सांग, आमी आत निजायचं का भायेर?"

शिवांजलीनं हातातल्या पत्रकाकडं पाहिलं. ते त्यात नव्हतं. नेमकं तेवढंच नव्हतं.

तिनं कागद बाजूला ठेवला. भूकंप कधी येईल ते जगात कुणालाच सांगता येत नाही, हे आधी स्पष्ट सांगितलं. मग विचारलं, तुमचं घर कसं आहे? हरणाबाईंनी सांगितलं, पुढची खोली किल्लारीच्या भूकंपानंतर बांधलेली, मागची जुनी, दगडमातीची. मग मागच्या खोलीत अजिबात निजू नका, ती म्हणाली. पुढच्या खोलीत निजा, खाटेच्या वरच्या फळीवरची जड भांडी खाली उतरवा, दाराशी सामान रचू नका. भिंतीला नवी भेग दिसली तर बाहेर निघा आणि तलाठ्याला कळवा. मग एकेक जण उठून आपापल्या भिंतींबद्दल विचारू लागला. जाफर सरांनी छापलेल्या पत्रकांचे गठ्ठे न सोडताच गाडीत परत ठेवले.

सगळं उरकल्यावर ती शाळेमागं गेली. शांतलिंग तिथं उभाच होता.

"तो प्रश्न तुमचा होता," ती म्हणाली. "त्यांच्या आधी तुम्ही विचारायचा होता. कंटाळा आला होता तर तसं सांगायचं."

"कंटाळा?" तो गडबडला. "मी ऐकलंच नव्हतं."

"म्हणजे?"

"तुम्ही वाचत होता, मी... बघत होतो. तुम्ही थांबलात, तेव्हा कळलं की वाचून झालं. पत्रकात काय होतं, एक ओळ सांगता येणार नाही मला. आज हरणाबाई उठल्या तेव्हा लाज वाटली." त्यानं खाली बघत पायानं खडा सारला. "जाफर सरांना सांगणार आहे, दुसरा कोणी बघा. तुमच्यापुढं माझा कान कामाचा राहिला नाही."

पाऊस भुरभुरत होता. शिवांजलीला रागावायचं होतं, जमेना. किती महिने या माणसानं तिचं एकेक वाक्य माणसांत आणून सोडलं होतं. त्यामुळंच तर आज कागद बाजूला ठेवून तिला बोलता आलं होतं.

"मला तुमचे आभार मानायचेत," ती म्हणाली.

त्यानं वर पाहिलं. चेहरा उतरला होता. "आभार मानून लांब करताय?"

"नाही हो..." तिनं ओढणीनं चेहऱ्यावरचं पाणी टिपलं. "सरांना खुशाल सांगा. पत्रक मी पुन्हा लिहीन, हरणाबाईंना वाचून दाखवीन. लेखांना कान मिळतील. बाकीचं बोलायला मला तुम्हीच लागता."

"बाकीचं म्हणजे किती?" त्यानं हळूच विचारलं.

"लई," ती म्हणाली.

गाडीपाशी जाफर सरांनी दोघांना हाक मारायला तोंड उघडलं. मग विचार बदलून त्यांनी समोरच्या हॉटेलवाल्याकडं वळून स्वतःसाठी आणखी एक चहा सांगितला.