शेवटचा बोल्ट

"पोराले सांगा, तो शेवटचा बोल्ट राहू दे म्हनाव. अन् सुनबाईले यातलं काही कयू देऊ नका. नवी हाये, भेऊन जाईन."

रंगूबाई हे नवऱ्याला न्हाणीच्या भिंतीआड सांगत होत्या. भिंतीच्या दुसऱ्या बाजूला सुनबाईच धुणं वाळत घालत होती. लग्नानंतरचा वैजयंतीचा हा पहिला पोळा, पण एवढ्यात तिला एक कळलं होतं: सुनेला सांगायचं नसलेलं सगळं केनवडच्या या घरात फार मोठ्यानं बोललं जातं.

दिवस करीचा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा. जेवणं झाली आणि लाइन गेली. सासरे उकंडराव ओसरीत खाटेवर बसले. वैजयंतीचा नवरा प्रज्वल आणि धाकटा दीर लखन पायरीवर. ती दाराशी, कंदिलाच्या उजेडात मुगाच्या शेंगा सोलत. अंगणापलीकडे टिनाच्या शेडमध्ये प्रज्वलची जुनी ॲम्बॅसडर उभी होती. भंगारातून आणलेली, गंजानं खाल्लेली. तिला पुन्हा रस्त्यावर आणायचं वेड त्यानं घेतलं होतं.

"शेलूबाजारचा जमशेद मिस्त्री," उकंडराव म्हणाले. "माहा जुना दोस्त. तुही गाडी पयले त्याच्याकडे होती, प्रज्वल."

"भुताची गोष्ट हाये का, बाबा?" लखननं विचारलं.

"गाडीची हाये. चूप बस अन् आयक."

त्यांनी तंबाखू मळली.

"मालेगावच्या एका शेठची ही गाडी. खेमा नावाचा ड्रायवर, डोक्शावर कायम पांढरी टोपी. उभी हयात त्याची समोरच्या सीटवर गेली. एका रात्री शेठची वाट पाहत बसल्या बसल्याच गेला. सकाळी काच ठोकली तवा समजलं. मंग गाडी पडून राह्यली, गंजली. परसाल शेठच्या पोरानं ते जमशेदकडे दुरुस्तीले टाकली. त्यानं पयले समोरची सीट काढाले घेतली. बोल्ट सारे जाम."

"जामच राह्यते," प्रज्वल म्हणाला. "डिझेल पाजा लागते."

"पाजलं. पन नट गाडीच्या खाली, बोल्टाचं डोकं वर, आतमंदी. नट फिरवला का बोल्ट बी संग गरगर फिरते. म्हून दोघं लागतात. एक खाली झोपते, दुसरा आत बसून पान्यानं डोकं धरते. आतल्यानं धरलं का पत्र्यावर दोनदा ठोकाचं. खालच्यानं एकदा. बोलाचं काम नाही. गॅरेजची रीतच हाये ते."

शेडकडून काहीच आवाज येत नव्हता. तरी लखननं तिकडे पाहिलं.

"पोळ्याची आवस होती. अशफाक, त्याचा पुतन्या, दिवे लागायच्या टायमाले घरी गेला. जमशेद म्हने, नटायले डिझेल पाजतो अन् मी बी जातो. गाडीखाली शिरला… अन् वरून ठोकलं. ठक ठक."

"अशफाक वापस आला असन."

"जमशेदले बी तेच वाटलं. अन् हाताची सवय. त्यानं खालून ठोकलं… एकदा."

उकंडरावांनी मळलेली तंबाखू गालात धरली.

"पाना लावला. महिनाभर न हाललेला नट लोन्यावानी फिरला. वरून कोनी घट्ट धरून होतं. निघाला. ठक ठक. दुसरा निघाला. ठक ठक. तिसरा. मंग सीटची स्प्रिंग वाजली. मानूस पुढं वाकल्यावर वाजते तशी. जमशेद म्हने, शाब्बास रे अशफाक… अन् त्याच्या खिशातला फोन वाजला."

"कोनाचा?"

"अशफाकचा. घरून. चाचा, जेवाले येता ना?"

लखन पायरीवरून उठून ओसरीत सरकला.

"ठक ठक… शेवटच्या बोल्टावर. जमशेदनं उत्तर देलं नाही. पुन्हा ठक ठक. तो सरपटत निघाला. मांगं पाह्यलं नाही. गाडी तशीच भंगारात गेली. एका बोल्टानं ते सीट गाडीले धरून हाये, बाप्पा. अन् सीटनं… जे हाये ते धरून ठेवलं. तू रंग मार, गादी बदल. पन त्या बोल्टाले हात लावू नको."

प्रज्वल हसला. हसू अर्ध्यावरच राहिलं.

"काल सांगाचं असतं न, बाबा. काल पोळा फुटल्यावर काढला मी. भूत ना बीत. वैजयंती आत बसून पाना धरून होती. काय पकड हाये तिची! बोल्ट जराबी हालू देला नाही."

"आवसेले?" आतून रंगूबाई ओरडल्या. "नव्या पोरीले बसवलं तिथं?"

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. वैजयंतीच्या हातातली शेंग कधीची तशीच होती. सासऱ्यांसमोर ती अजून एक शब्द बोलली नव्हती. पदर पुढे ओढायचा, मोठ्या माणसांच्या तोंडाकडे पाहायचं नाही, हे ती माहेरून शिकून आली होती. ते तिनं चोख पाळलं होतं. कालही.

"मामाजी," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच नवा वाटला. "पाना मी नाही धरला. मी मांगच्या सीटवर बसली, तं समोर पांढऱ्या टोपीतलं कोनी मोठं मानूस बसून होतं. मले वाटलं, घरातलंच असन. मी वर पाह्यलं नाही. त्यायनं मांगं हात केला… मी पाना देला."

"मंग?" उकंडराव खाटेवरून उठले.

"हे खालीच होते. सनाचा दिवस, म्हून मी उतरून समोरच्या दारातून त्यायच्या पाया पडली." तिनं तळवा कंदिलापुढे धरला. बोटांची टोकं तांबूस होती. "गंज लागला, मामाजी. कालपासून धुवून राह्यली. जात नाही."