चि. हिमानी अक्षय निधी

पितृपंधरवडा आला की आमच्या कचेरीत चहाचा खर्च वाढतो. काशीत श्राद्धाला आलेली माणसं दशाश्वमेधावरचं सगळं उरकून मोकळी झाली, की त्यांना वाटतं, वडिलांच्या नावानं काहीतरी कायमचं करायला हवं. त्यातली काही विद्यापीठात येतात आणि माझ्यासमोर बसतात. मी मूळची नागपूरची, आधी बँकेत होते. आता विद्यापीठाचे देणगी निधी सांभाळते. माझं कीर्तन ठरलेलं असतं. तुमची रक्कम मुद्दल म्हणून राहील, तिला कुणी हात लावणार नाही, दरवर्षीच्या व्याजावर एकजण संशोधन करील. लोक विचारतात, "कब तक?" मी सांगते, "हमेशा." हा शब्द उच्चारताना मला कधीच काही वाटलं नव्हतं. बँकेत वाढलेल्या माणसाला कायम म्हणजे जरा लांब मुदतीची ठेव वाटते, इतकंच.

नीलकंठकाका मात्र पितृपंधरवड्यात आले नाहीत. भर मे महिन्यात, बाहेर लू वाहत असताना, डोक्याला ओला पंचा बांधून आले. दूधविनायकात राहणारे निवृत्त संस्कृत शिक्षक. त्यांच्या घराण्याला काशीत इतक्या पिढ्या झाल्या होत्या की मराठी उंबऱ्याच्या आत आणि हिंदी बाहेर, असा कारभार होता. एकुलती एक मुलगी हिमानी आमच्याच विद्यापीठात वनस्पतिशास्त्रात संशोधन करत होती. भोसले घाटाच्या दगडांवर जी बुरशीसारखी पापुद्र्यांची नक्षी वाढते, आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाची भावंडं, त्यांचा तिचा अभ्यास. प्रबंध अर्ध्यावर असताना ती तापानं गेली. आयुष्यभराची पुंजी काकांना तिच्या नावच्या निधीत घालायची होती.

नावाच्या जागी त्यांनी लिहिलं, 'चि. हिमानी'.

"काका," मी शक्य तितक्या हळू म्हटलं, "कै. लिहावं लागेल."

"तूच आत्ता म्हणालीस ना बेटा, हा अक्षय निधी आहे म्हणून? ज्याला क्षय नाही त्याच्याआधी कै. कसं लावू?"

संस्कृतच्या मास्तरांशी शब्दांवरून वाद घालण्यात शहाणपण नसतं. आमच्या समितीत मराठी कुणालाच येत नव्हतं. मराठी लोक आद्याक्षर असं पुढे लावत असतील, असं समजून त्यांनी सह्या केल्या. गेलेल्या मुलीला चिरंजीव म्हणणारी पितळी पाटी विभागाच्या दारावर लागली. येता-जाता ती पाटी मला एकटीलाच खटकायची.

काकांची अट एकच होती. निधीवर शिकणाऱ्या मुलानं किंवा मुलीनं हिमानीच्या वाढदिवशी, पौषात, त्यांच्याकडे जेवायला यावं. ओळखीची म्हणून मलाही आमंत्रण असे.

पहिल्या वर्षी रोहन आला, गोरखपूरचा. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड, माकडांच्या भीतीनं खिडक्यांना सगळीकडे जाळ्या. प्रेमलाकाकूंनी, म्हणजे हिमानीच्या आईनं, भात वाढला. रोहन माझ्याशी बोलत होता. बोलता बोलता त्यानं न बघता हात मागे नेला, फळीवरची एक बरणी उचलली आणि आतलं मेतकूट भातावर भुरभुरलं. त्याला मेतकूट हा शब्दही ठाऊक नव्हता. काकांचा घास हातातच राहिला. काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि आम्ही निघेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

मी स्वतःची समजूत घातली. बरणी हाताशी होती, पोर भुकेलं होतं. होळीनंतर रोहन कचेरीत आला तेव्हा सहज सांगून गेला, की घरी गेल्यावर आईच्या हातच्या लिट्टी-चोख्याची त्याला चवच लागली नाही. "कागज जैसा लगा, दीदी. माँ बुरा मान गई." मी त्याला डॉक्टरकडे जायला सांगितलं. वर्ष संपलं आणि तो बंगळुरूला निघून गेला.

त्याच्यामागून गीता आली. चुनारजवळच्या एका गावातली. घाटांचा दगड आमच्याच खाणींतला, म्हणून त्याच्यावर पहिला हक्क माझा, असं ती मुलाखतीत ठणकावून म्हणाली होती. बडबडी, मोठ्यानं हसणारी, दुपट्टा सतत जमिनीवरून ओढणारी. मला ती आवडली. पौषात ती काकांकडे जेवून आली आणि मग आपण होऊन दर रविवारी जाऊ लागली. काका मला रस्त्यात भेटले तेव्हा हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहत होते. "मूल से सूद प्यारा," म्हणाले, मुद्दलापेक्षा व्याज लाडकं. बनारसी लोक हे नातवंडांबद्दल म्हणतात. आपण दुधापेक्षा साय म्हणतो तसं. म्हाताऱ्याला विरंगुळा झाला, म्हणून मलाही बरं वाटलं.

चैत्रात गीताची आई आली. सकाळच्या बसनं निघून, विचारत विचारत माझ्या टेबलापर्यंत पोचली होती. खुर्चीच्या अगदी कडेवर बसली आणि पिशवी मांडीवर घट्ट धरून तिनं विचारलं, "बहिनजी, ई 'आई' का होता है?"

"मराठी में माँ को आई कहते हैं. क्यों?"



"बिटिया फोन उठाती है त पहिले कहती है, आई. हम पूछते हैं, कौन आई? त चुप हो जाती है. फिर हमसे आप-आप करके बोलती है. जैसे हम कोई पड़ोस के हों." तिचा आवाज फुटला. "माई कहना भूल गई है, बहिनजी. हमार बच्ची उहाँ के ले गइल?"

आपली पोर तिकडे कुणी नेली, असं ती मला विचारत होती. तिला चहा दिला, तो तिनं घेतला नाही. बस गाठून द्यायला मी फाटकापर्यंत गेले. 

दुपारी प्रयोगशाळेत गेले. गीता सूक्ष्मदर्शकावर वाकली होती. दुपट्टा नीट खोचलेला. हसू नाही. मी विचारलं, घरी का जात नाहीस? तिनं कपाळाला आठ्या घातल्या, एखादं गणित अडावं तशा.

"वहाँ कोई है मेरा, यह पता है, दीदी. चेहरा नहीं आता."

रविवारी मी दूधविनायकात गेले. ऊन गल्लीत उतरलं होतं. गीता आधीच तिथे होती, जमिनीवर बसून तांदूळ निवडत होती. काका खाटेवर बसून तिच्याकडे एकटक बघत होते.

"काका, हिला सोडा. निधीतून हिला दुसरीकडे बदलून घेते मी."

"थोडंच राहिलंय आता," काका हलक्या आवाजात म्हणाले. "आवाज आला. चाल आली. डोळे तेवढे अजून हिमानीचे नाहीत."

"आणि हिची आई?"

"मी कुणाचं काही मागितलं का? माझं मुद्दल तिकडे सुखरूप आहे, मालविका. मी फक्त व्याज घेतो. तूच सांगितलं होतंस."

"व्याज आभाळातून पडत नाही, काका. कुणीतरी भरतं, तेव्हा ते हातात येतं."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि लहान मुलासारखे रडू लागले. "मग मी काय करू? तू सांग. पोटची पोर आहे गं." माझेही डोळे भरून आले. त्यांचा मला राग यायला हवा होता आणि तो येत नव्हता.

गीता उठली. सूप भिंतीशी टेकवून ठेवलं.

"येते हं, आई."

अगदी स्वच्छ मराठी. पेशवाईपासून काशीत असलेल्या घरातली, किंचित हेल असलेली.

आपल्यात निघताना कुणी जाते म्हणत नाही. येते म्हणायचं, आणि घरातल्या माणसानं 'ये' म्हणायचं. तेवढ्या एका शब्दावर बाहेर गेलेलं माणूस घराशी बांधलेलं राहतं.

प्रेमलाकाकू स्वयंपाकघराच्या दारात आल्या. हात ओले होते. त्यांनी ते पदराला पुसले आणि मुलीचा चेहरा हातांत धरला. कपाळ, भुवया, हनुवटी. खूप वेळ.

"प्रेमला," काका खाटेवरून म्हणाले. "ये म्हण तिला."

"मी आई आहे हिची," काकू त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या. "त्या बाईची पण कुणीतरी आहे ना हो."

मग त्या मुलीला म्हणाल्या, "जा, बाळ."

काका ओरडले. काय ओरडले ते कळलं नाही.

गीतानं डोळे मिटून उघडले. खोलीभर पाहिलं. दारात आपल्याच चपला तिला लवकर ओळखू येईनात.

"दीदी, हम यहाँ कब आए?"

मी तिचा हात धरून जिना उतरवला. खाली गल्लीत पोचल्यावर तिनं फोन काढला, कानाला लावला आणि भिंतीला टेकून एकदम हुंदका दिला. "माई! माई, हम बोलत हईं." पलीकडची बाई इतक्या जोरानं रडू लागली की मलाही ऐकू आलं. मी तिच्या शेजारच्या ओट्यावर बसले. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता.

वर काकांचा आवाज थांबला होता.

मग वरून, जाळीतून, एका मुलीचा आवाज आला, तोच किंचित हेल असलेला. गीता माझ्या शेजारी फोनवर भोजपुरीत बोलत होती.

"आई, मी कुठे जाऊ?"

 काकू जाळीशी आल्या, खाली माझ्याकडे बघितलं, आणि खिडकीची दारं आतून लावून घेतली.

 जिन्याच्या तोंडातून गार हवा येत होती. कुणीतरी सावकाश उतरत होतं, नवख्या माणसासारखं, भिंतीला हात लावत.

शेवटच्या पायरीवर ते थांबलं.

"मालविकाताई," अंधाऱ्या जिन्यातून, अगदी आदबीनं, "मग मी कुठे जाऊ?"