चौकोनातले शंख

"अहो, तो शंख तिथं ठेवू नका!"

भाट्याच्या समुद्रकाठी खडकांवर ओणवा झालेला तरुण दचकला. पदर खोचून मालन पाठीशी उभी होती… आणि त्याच्या ओंजळीत शंखच शंख.

मालन सुर्वे मुंबईला कॉलेजात जीवशास्त्र शिकत होती. दिवाळीच्या सुट्टीत गावी समुद्रकाठच्या खडकावर हातभर चौकोन कोरायचा आणि त्यातले जीव पंधरा दिवस मोजायचे, असं काम मिळालं होतं. "मुलींना हे झेपायचं नाही," प्राध्यापक म्हणाले होते. वही खरी उतरली तरच पुढच्या वर्षी त्यांच्या वर्गात जागा. मालननं तेव्हाच मनाशी गाठ मारली होती.

अकरा दिवसांत शंख बाराचे एकतीस झाले, तेव्हा ती हरखली होती. पण आज खोल पाण्यातला एक शंख तिथं उन्हात सुकत पडलेला दिसला, आणि तिला शंका आली.

"हे सगळे तुम्ही घातलेत?"

"व्हय… मीच," तो खाली बघत म्हणाला. सखाराम बंदरावरच्या कचेरीत भरती-ओहोटीची नोंद ठेवी. "पयल्या दिवशी बाराच निघाले. तुमचा चेहरा उतरला. खालच्या खडकावर रग्गड हायत, म्हटलं…"

"म्हटलं, भर घालावी?" तिला रागही आला, हसूही आलं. "माझी वही पाण्यात घातलीत!"

"पण मुंबईत कोणाला कळणार ओ?"

"मला कळलंय ना!"

तिनं अकराही पानांवर काट मारली आणि खाली कारण लिहिलं. मग पुन्हा पहिल्यापासून. मुंबईच्या बोटीला चारच दिवस होते. सखाराम ओहोटीची वेळ सांगे, ती गुडघाभर पाण्यात उतरे. कालवांनी बोटं कापली, तरी हटली नाही.

"हा मोजलात," तो म्हणे.

"ठाऊक आहे."

"मग परत का मोजताय?"

"…तुम्ही बडबडता म्हणून!"

त्रिपुरी पौर्णिमेला ती म्हणाली, "उरलेले दिवस तुम्ही मोजाल? कार्डावर कळवाल? भर न घालता?"

"एकपण नाय घालणार," तो म्हणाला. बोट दिसेनाशी होईतो तो धक्क्यावर उभा होता.

अकरा दिवसांची कार्डं येत गेली. कधी तेरा, कधी अकरा. प्राध्यापकांनी काट मारलेली पानंच दोनदा वाचली आणि वर न बघता म्हणाले, "जागा ठेवतो."

त्याच संध्याकाळी आणखी एक, न मागितलेलं कार्ड आलं. वसतिगृहातल्या मुलींनी ते आधीच वाचून खिदळून घेतलं होतं.

'शंख बारा. कालवं नऊ. खेकडा एक. वाट बघणारा एक. हा कोणी आणून घातलेला नाही, आपसूक आलाय. भरती आली तरी हलत नाही.'

मालनचे कान तापले. तिनं उलट टपाली लिहिलं:

'बाकी नोंद बरोबर. शेवटचा आकडा चुकला. दोन लिहा.'