साडेसतरा मिलिसेकंद

राजारामपुरीतल्या माझ्या फ्लॅटमध्ये दुपारी दोन ते चार शांतता असते. खालची पिठाची गिरण त्या वेळेत बंद असते. पंखा आणि फ्रीज बंद करून मी तेवढ्यातच वाचून घेते. एकोणतीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर एका संस्थेकडून अंध विद्यार्थ्यांसाठी अकरावीचं पुस्तक रेकॉर्ड करायचं काम घेतलं. जूनच्या आत सगळी प्रकरणं द्यायची होती.

जुना माइक थेट संगणकाला जोडलेला होता. त्याच्या आवाजामागे कायम सरसर यायची, आणि संस्थेने तीन प्रकरणं परत पाठवली. म्हणून शाहूपुरीत भजनी मंडळांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या कृष्णातकडे गेले. त्याने तळहाताएवढी काळी पेटी काढून दिली.

“ऑडिओ इंटरफेस हाय म्याडम. माइक ह्यात लावायचा आणि हे कॉम्प्युटरला. टेबलावर मावतंय, वायरींचा गुंता न्हाय.”

पेटीला दोन माइक लावायची सोय होती. मला एकच पुरे होता.

पहिल्याच दिवशी सरसर गेली. दोन शब्दांमधली शांतता इतकी स्वच्छ झाली की घर रिकामं आहे हे कानालाही कळायला लागलं.

तिसऱ्या दिवशी वाचताना दुसऱ्या इनपुटचा हिरवा दिवा लुकलुकताना दिसला. तिथे काहीच लावलेलं नव्हतं. बटण शून्यावर आणलं तरी दिवा थांबेना. मग तोही आवाज रेकॉर्ड करून ऐकला. माझंच वाचन होतं, पण लांबून आलेलं. शब्दांच्या शेवटाला स्टीलच्या भांड्यांचा बारीक नाद होता.

कृष्णात घरी येऊन बघून गेला. “एकीकडचा आवाज दुसरीकडं झिरपत असंल,” तो म्हणाला.

“झिरपला तर त्याच क्षणी यायला हवा. हा उशिरा येतोय.” मी पडद्यावर दोन्ही लहरी दाखवल्या. “साडेसतरा मिलिसेकंद. तेवढ्या वेळात हवेतून आवाज सहा मीटर जातो.”

टेप आणून आम्ही मोजलं. माझ्या खुर्चीपासून सहा मीटरवर स्वयंपाकघराचा आतला कोपरा येत होता. कृष्णातने टेपचं टोक दारातच सोडलं. आत गेला नाही.

“बदलून देतो की म्याडम. आत्ताच द्या.”

काम अर्ध्यावर आहे, नंतर बघू, असं मी सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण खरं कारणही नव्हतं. त्या रेकॉर्डिंगमध्ये आणखी एक गोष्ट होती. परिच्छेद संपवून मी थांबले की तिथे कोणीतरी सावकाश श्वास सोडायचं. मन लावून ऐकणारं माणूस सोडतं तसा.

वर्गावर शिकवणं सुटल्यापासून माझं बोलणं शेवटपर्यंत कुणी ऐकलं नव्हतं. जयसिंगपूरचा धाकटा भाऊ, प्रसेनजीत, दर रविवारी फोन करतो आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत “बरं, ठेवतो आक्का” म्हणतो.

मी रोजची नोंद ठेवू लागले. बारा मिलिसेकंद, म्हणजे चार मीटर. स्वयंपाकघराचं दार. चार दिवसांनी सात मिलिसेकंद. पुस्तकांचं कपाट. त्या त्या जागी जाऊन उभी राहिले. फरशी होती, भिंत होती. हात फिरवला तर भिंत नेहमीसारखीच गार लागली.

वाचन मात्र कधी नव्हे इतकं चांगलं होत होतं. एकदा मी ‘न्यूटन’च्या जागी ‘ज्यूल’ वाचलं. नंतर ऐकलं, तर नेमक्या त्या शब्दाला तिथला श्वास अडला होता. मी ओळ दुरुस्त करून वाचली तेव्हाच तो पुन्हा सुरू झाला होता.

मग तीन मिलिसेकंद. एक मीटर.

त्या दुपारी मी पूर्ण दोन तास मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं तर ती उठून जाईल असं वाटलं. ‘ती’ का म्हणते, मला माहीत नाही.

शेवटच्या प्रकरणाच्या दिवशी दोन्ही लहरी तंतोतंत एकमेकींवर बसल्या. त्यातली माझी कुठली, ते सांगता येईना.

काम संपलं, म्हणजे दुसऱ्या दिवशी पेटी कृष्णातला परत करायला हवी होती. त्याआधी मी संस्थेने सांगितलेली दुरुस्तीची चार पानं वाचायला बसले.

वाचून झाल्यावर ऐकलं. दुसऱ्या इनपुटवर आवाज अगदी जवळ होता. ओठ उघडल्याचंसुद्धा ऐकू येत होतं. माझ्या माइकवरचा आवाज लांबून येत होता, भांड्यांचा नाद घेऊन.

फरक मोजला. साडेसतरा मिलिसेकंद. या वेळी उशीर माझ्या माइकला होता.

माइक माझ्या तोंडापासून अर्ध्या फुटावर होता.

टेबलावरचा मोबाइल वाजला. प्रसेनजीत. मी उचलून कानाला लावला.

“बोल रे.”

“आक्काला जरा द्या की,” तो म्हणाला.

“अरे, मीच बोलतेय.”

तो ‘हं, हं’ म्हणत राहिला, कुणाचं तरी ऐकून घेतल्यासारखा.

“व्हय, व्हय. सैपाकघरात हाय तर असू दे,” तो म्हणाला. “थांबतो की मी. बोलवा तिला.”

फोन कानाला लावून मी उभी राहिले, मला हाक येण्याची वाट बघत.