किल्ली इत्झेलच्या खिशात

मंगळवारी सकाळी पावणेअकराला इत्झेल दुसरीच्या वर्गातून पुन्हा पळाली. मागचं दार, घसरगुंडी, पार्किंग... आणि नुकत्याच गाडीतून उतरलेल्या मारित सोल्बर्गच्या पोटावर तिचं डोकं जाऊन आदळलं. मारितच्या हातातले कागद उडाले. समोरच्या जुन्या निळ्या पिकअपमधून एका माणसानं उडी टाकली.

"लागलं का हो?"

"मला नाही. हिला विचारा."

"तिला काय होतंय! डोकं आमच्या घराण्याचं आहे." तो वाकून कागद गोळा करू लागला. शेवटचा कागद त्यानं शर्टाला पुसून दिला. दोघांची नजर एकाच वेळी वर आली आणि एकाच वेळी दुसरीकडे गेली. तोवर इत्झेल पिकअपमध्ये पट्टा लावून बसलीसुद्धा होती.

तो एलाडिओ बारिएन्तोस, इत्झेलचा मामा. कालव्यापलीकडच्या सफरचंदाच्या बागेत मुकादम. मारित आली होती राज्याच्या शिक्षण लोकपाल कार्यालयातून. तिचं काम शाळा आणि घर यांच्या मधोमध उभं राहण्याचं. वकील नाही, न्यायाधीश नाही. दोघांचं ऐकायचं, नियम सांगायचा, पोराची वाट मोकळी करायची.

इथं वाट अडली होती. पोरगी पळते म्हणून शाळेनं तिला अर्ध्या दिवसावर ठेवलं होतं. तिची आई रोसाल्बा फळं पेट्यांत भरण्याच्या कारखान्यात. त्यामुळे रोज अकरा वाजता एलाडिओनं हातातलं काम टाकून यायचं. बागमालकानं त्याला बजावलं होतं: फुलोरा आला की भर सकाळी गायब होणारा मुकादम चालणार नाही. आणि इत्झेल? वर्गातल्या मुली वाचायला लागल्या होत्या. ती अजून अक्षरांवर होती.

"कॉफी घ्या," एलाडिओनं थर्मास काढला. दालचिनीचा वास थंड हवेत पसरला.

"नाही चालत. केस उघडी असेपर्यंत कोणाकडूनच काही घ्यायचं नाही. शाळेचं पाणीसुद्धा पीत नाही मी."

"मग मिटवा की केस."

"घाई आहे?"

"मला नाही," तो म्हणाला. "कॉफीला आहे."

मारितला हसू आलं. तिनं ते कागदांआड दडवलं... पुरतं दडलं नाही.

पुढच्या आठवड्यात ती दोनदा वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसली. मुख्याध्यापिका मिसेस ड्वायर म्हणाल्या होत्या, "काही कारण नसताना पळते हो. एकदा तर हमरस्त्यापर्यंत गेली." त्या खोटं बोलत नव्हत्या. पण त्या इत्झेलच्या बाकावर कधी बसल्या नव्हत्या. तिथून खिडकीतलं पार्किंग दिसायचं. इत्झेलचा एक डोळा सतत तिकडं. निळी पिकअप आत वळली, की पेन्सिल खाली आणि पोरगी दाराबाहेर.

बाहेर आल्यावर मारितनं एलाडिओला विचारलं, "तुम्ही इतक्या लवकर का येता?"

"तिला वाट बघायला लागू नये म्हणून." त्यानं शाळेच्या पायरीकडे बोट केलं. "गेल्या वर्षी तिच्या आईला कारखान्यातूनच दवाखान्यात हलवलं. त्या धावपळीत हिला घ्यायला कोणी आलंच नाही. अंधार पडेपर्यंत पायरीवर बसून होती. तेव्हापासून मी लवकर येतो."

"आणि तेव्हापासून ती पळते. तुम्ही निघून जाल म्हणून."

मारितला पुढचं वाक्य माहीत होतं आणि ते बोलावंसं वाटेना. ते बोललं की पार्किंग रिकामं होणार होतं, तो इथं दिसणार नव्हता. उद्या सांगितलं तर? एवढं मनात आलं, आणि तिची तिलाच लाज वाटली.

"तुम्ही असे मधेच येऊ नका, तिला पूर्ण दिवस बसू दे," ती म्हणाली.

"म्हणजे... मी नको इथं?"

"माझं सोडा हो. तिचं बघा."

"तुमचंच विचारतोय."

तिचे कान लाल झाले, आणि ते त्यानं पाहिलं.

शाळेत सगळ्यांची बैठक झाली, तिथं तोडगा एलाडिओनंच काढला. "ती बघते गाडी आत येताना. गाडी सकाळपासून इथंच असली तर?" त्यानं खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. "एकच आहे. दुसरी कधीच हरवली. ही इत्झेलकडे राहील. तिला सोडून गाडी कुठं जाणार?"

"आणि तू बागेत कसा जाणार रे?" रोसाल्बानं विचारलं.

"पाय कशाला दिलेत देवानं?"

"गाडीत बसायला, असं तूच म्हणायचास."

मिसेस ड्वायरसुद्धा हसल्या. मग किल्ली हातात घेऊन पाहत राहिल्या. "एप्रिल अखेरपर्यंत पूर्ण दिवस ठेवून बघू. पण रस्त्याकडे पळाली, तर मला पुन्हा विचार करावा लागेल."

पहिला आठवडा बरा गेला. इत्झेल खिडकीतून पिकअप बघायची, खिसा चाचपायची आणि पुन्हा वहीकडे वळायची. दुसऱ्या बुधवारी एकदा दारापर्यंत गेली, पण तिथून परतली.

त्या गुरुवारी सकाळी शाळेतली पाहणी आटोपून मारित निघाली. कालव्याच्या रस्त्यावर गारठा होता. एलाडिओ कॉलर वर करून बागेकडे चालला होता. तिनं गाडी हळू केली. केसमधल्या माणसाला गाडीत घेता येत नाही. ती पुढं गेली. आरशात तो लहान होत गेला... मग तिनं गाडी कडेला लावली, उतरली आणि तो येईपर्यंत उभी राहिली.

"बिघडली का?"

"नाही. चालतेय मी."

"नियमात बसतं?"

"विचारलेलं नाही."

दोघं चालू लागले. फांद्यांवर गुलाबी कळ्या आल्या होत्या. कळ्या गोठू नयेत म्हणून रात्रभर फिरवलेले मोठे पंखे नुकतेच थांबले होते. त्याचे डोळे जागरणानं लाल झाले होते.

"एलाडिओ, काल मी ऑफिसला कळवलं. तुमची केस दुसऱ्या कोणाकडे द्या म्हणून."

तो जागीच थांबला. "का? आमचं काही चुकलं? इत्झेल तुमचं नाव घेते रोज. आता कुठं ती..."

"तुमचं काही नाही चुकलं. माझं काम मधोमध उभं राहण्याचं." तिनं श्वास घेतला. "आणि मी आता मधोमध नाहीये. तुझ्या बाजूला आहे."

'तुझ्या' ऐकून त्याच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही. मग सावकाश, सगळंच उमटलं. त्यानं थर्मास काढला, झाकणात कॉफी ओतली आणि हात पुढं केला.

"अजून नाही," मारित म्हणाली.

"धरून तर ठेव. हात गार पडलेत तुझे."

तिनं झाकण दोन्ही हातांत धरलं. प्यायली नाही. बागेच्या फाटकापर्यंत ते तसंच धरून नेलं.

ऑफिसचं उत्तर शुक्रवार संध्याकाळपर्यंत आलेलं नव्हतं. शुक्रवारी इत्झेल शेवटची घंटा होईपर्यंत वर्गात होती.