ताण्यावरचा

गोळी मीच आणली, हे आधी सांगून टाकते. आग्बोझुमे गावच्या दवाखान्यात औषधं देण्याचं काम मी एकोणीस वर्षं करते आहे. कुठली गोळी जेवणाआधी आणि कुठली नंतर, हे लोकांना सांगताना माझा आवाज जरा चढतोच. तेव्हा माझ्या बापाचे हात थरथरायला लागल्यावर दुसऱ्या कुणाला विचारायचा प्रश्नच नव्हता. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी तपासून गोळी लिहून दिली आणि दिवसातून तीन वेळा मी ती बाबांच्या तळहातावर ठेवू लागले.

दोन आठवड्यांत हात शांत झाले. बाबा पुन्हा मागावर बसले. आई गेल्यापासून त्यांना मागाशिवाय दुसरं काही नव्हतं. आडवं सूत नेणाऱ्या धोट्याचा आवाज अंगणात पुन्हा ऐकला तेव्हा मी चुलीपाशी उभी राहून रडले.

आमच्याकडे माग अंगणात असतो आणि ताणा, म्हणजे उभे धागे, समोर वाळूवर तीस पावलं लांब पसरलेला. त्याचं टोक एका फळीला बांधतात आणि फळीवर दगड ठेवतात. विणकर विणत जातो, तयार पट्टी मांडीपुढच्या दांड्याला गुंडाळत जातो, आणि दगड वाळूत खरडत त्याच्याकडे सरकतो.

महिना झाला असेल. बाबा म्हणाले, "सेफाकोर, त्या माणसाला उठव गं दगडावरून. ताणा जड लागतोय."

दगडावर कुणी नव्हतं. शेजारची कोंबडी सावलीला बसली होती, तेवढीच.

"कुठला माणूस, बाबा?"

"तो काय, पाठ करून बसलाय. दिसत नाही तुला?"

मला धक्का वगैरे बसला नाही. या गोळीनं कुणाकुणाला माणसं दिसतात, जनावरं दिसतात. पाकिटातल्या कागदावर तसं छापलेलंच असतं. मी बाबांना ते समजावलं. ते खो खो हसले.

"गोळीतला माणूस होय? मग बसू दे. तुझ्या आत्यासारखी बडबड तरी करत नाही."

थरथरीचे रोगी बुधवारी गोळ्या न्यायला येतात. त्या बुधवारी बाहेरच्या बाकावर जाळी विणणारे क्लुत्से काका आणि मिरची विकणारी अब्लावी आजी बसली होती. दोघांची गावं वेगळी. मी खिडकीतून पाकिटं मोजत होते.

"तुझा कुठवर आलाय?" काकांनी विचारलं.

"अजून मिरचीच्या पोत्यापाशी. उभाय मेला पाठ फिरवून, रुसलेल्या जावयासारखा."

"माझा होडीच्या टोकाला होता. आता मधल्या फळीवर."

"रोज येतो पुढं?"

"काम केलं की येतो. हात बांधून बसलो की तोही थांबतो."

पाकिटातला कागद काढून मी पुन्हा वाचला. माणसं दिसतात, एवढंच कागदावर होतं. सगळ्यांना पाठमोरीच दिसतात, असं त्यात कुठंही नव्हतं.

मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, गोळी अर्धी करा. केली. चार दिवसांत बाबांचे हात पुन्हा फडफडायला लागले. मक्याच्या अक्पलेचा घास तोंडापर्यंत जाईना, भेंडीचं कालवण सदऱ्यावर सांडायचं. मी भरवायला गेले तर त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"तो गेला का, बाबा?"

"नाही. वाट बघतोय."

"मग पुरी गोळी घ्या, पण विणू नका."

"आणि गोळी कशाला घेऊ? बसल्या बसल्या हात बघायला?"

मी पुरी गोळी दिली. दगड वीस पावलांवर आला, मग दहा, मग आठ.

तेव्हा मी विणकराच्या घरातली अक्कल चालवली. आमच्यात बाई मागावर बसत नाही, पण सूत गुंडाळणं आणि गाठी मारणं बायकांचंच काम. ताणा संपत आला की जुन्या सुताच्या टोकाला नवं सूत गाठवतात आणि माग चालू राहतो. मी फळी सोडली, एकेक धागा गाठवला, नवा ताणा गल्लीच्या तोंडापर्यंत नेला आणि दगड तिथं ठेवला. दोन दिवस गेले त्यात. चाळीस पावलं! मी धावतच परत आले.

"आता बघा बरं. किती लांब गेला?"

बाबांनी डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून समोर पाहिलं.

"दगड गेला," ते म्हणाले. "तो नाही गेला."

मी वळून पाहिलं. दगडापर्यंतचा ताणा ताठ होता. फक्त आठ पावलांवर, मधोमध, सगळे धागे खाली दबले होते. वर काही नव्हतं.

मी तिथं गेले आणि हात खाली घालून धागे उचलायला पाहिले.

उचलेनात.

मी घरातून सुरी आणली. बाबांनी माझं मनगट धरलं. त्यांची पकड घट्ट होती, बोटं जराही हलत नव्हती.

"कापू नकोस, पोरी. कापलंस तर तो उठेल. आत्ता निदान बसलाय."

मी सुरी ठेवून दिली. एकोणीस वर्षं लोकांना उपाय सांगितले; बापासाठी एकही सापडेना. गोळी दिली तर तो जवळ येणार, नाही दिली तर बाबा भिंतीकडे तोंड करणार. सकाळी त्यांनी हात पुढे केला आणि मी गोळी ठेवली.

पुढच्या बुधवारी क्लुत्से काका आले नाहीत. त्यांची बायको गोळ्या न्यायला आली.

"बरे आहेत," ती म्हणाली. "कामावरून उठतच नाहीत. दोन माणसांइतकी जाळी होतात." माझ्याकडे न बघता तिनं पाकीट घेतलं.

शुक्रवारी दुपारी मी पाणी घेऊन अंगणात गेले. दबलेले धागे आता बाबांच्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर होते.

"पाठीनं का येतो ते कळलं मला," बाबा हळू म्हणाले. "बसायला येणारा माणूस पाठीनंच येतो."

मागाची बैठक एका माणसापुरतीच असते. बाबा सरकून एका कडेला बसले.

मला राहवलं नाही. मी त्यांच्यापुढं ताण्याखाली वाकून वाळूत गुडघे टेकले, त्यांचे दोन्ही हात ओढून माझ्या हातांत घेतले आणि त्यांवर कपाळ टेकलं.

"बाबा, पुरे आता. घरात चला."

त्यांचे दोन्ही हात माझ्या हातांत होते. गरम, अगदी शांत.

माझ्या डोक्यावर धोटा इकडून तिकडे जात होता. मी मान वर केली नाही.