एका हिवाळ्याच्या फळ्या

ऑक्टोबरचा पाऊस चौथ्या दिवशीही थांबण्याचे नाव घेत नव्हता, आणि हेयिंगच्या अंगणात एक अनोळखी तरुण उभ्या फळ्यांवर प्लास्टिक पांघरवण्याची पराकाष्ठा करीत होता. एक टोक खोचावे तो दुसरे सुटे. ते धरायला धावावे तो वारा पहिले उडवी. हेयिंगने दारातून हा खेळ मनसोक्त पाहिला. मग छत्री न घेताच ती बाहेर आली.

"काय चाललंय?"

"भिजतायत ना सगळ्या!" तो धापा टाकत म्हणाला. "धरा की जरा ते टोक—"

तिने टोक धरले, आणि एका हिसक्यात सारे प्लास्टिक खाली ओढले.

"भिजायलाच ठेवल्यात त्या."

"भिजायला?"

"थुंगच्या लाकडातलं कडू पाणी पावसानंच धुऊन जातं. दोन हिवाळे उघड्यावर काढल्याशिवाय त्याला आवाज फुटत नाही. तुम्ही कोण?"

"यानबो. नानजिंगचा." त्याच्या चष्म्यावरून पाणी निथळत होते. "या फळ्या... माझ्याच आहेत. लाकूडवाल्या गंग काकांकडून कालच घेतल्या. तुमच्या बाबांनी ठेवायला जागा दिली. मी वाद्यं बनवणार आहे."

"तुम्ही?" हेयिंगने त्याला आपादमस्तक न्याहाळले. "मग वाद्यांचं काही खरं नाही!"

तो रागावेल असे तिला वाटले होते. तो मोठ्याने हसला. आणि का कोण जाणे, तिचे खोचक उत्तर तिलाच जरा अधिक झाल्यासारखे वाटले.

पीत नदीकाठच्या त्या गावात घरटी गुझंग बनत असे: एकवीस तारांचे, आडवे ठेवून वाजवायचे, माणसाएवढे लांब वाद्य. परंतु विक्री फोनच्या पडद्यावर गेल्यापासून मेंढीच्या रश्श्यातल्या शेवया ओरपताना प्रत्येक घरात एकच चर्चा चाले: आता यापुढे कोणते वाद्य चालणार? यानबोचे उत्तर ठरलेले होते. मांडीवर मावेल अशी, एकोणीस तारांची छोटी हार्प.

"गुझंग बरं वाजवायला किती वर्षं लागतात?" तो विचारी.

"दहा."

"आणि तोवर शेजाऱ्यांनी काय करायचं?"

"घर बदलायचं," हेयिंग शांतपणे सांगे. "तुमची हार्प म्हणजे खेळणं आहे. परवा ती अंगठ्यांनी वाजवायची कालिंबा आली, तिच्या मागून फुंकायची ओकारिना. कुठायत आता? लोकांच्या खणांत, मोज्यांखाली."

"दिवसभर राबून आलेल्या बाईला अर्ध्या तासात एक धून वाजवता आली, तर तुमच्या पोटात का दुखतं हो?"

वाद्याच्या लोकप्रियतेचा प्रश्न हा वस्तुतः कानांचा नसून सवडीचा आहे, असा त्याचा सिद्धांत होता. आणि ज्याला सवड नाही त्याने वाद्याच्या वाटेला जाऊच नये, असा तिचा. दोघांपैकी एकही माघार घेण्यातला नव्हता. खरे सांगायचे तर, वाद मिटला तर भेटायचे निमित्तही संपेल, ही भीती दोघांनाही सारखीच होती.

शिवाय फळ्या होत्या. फळीला एकाच अंगाने ऊन लागले तर ती वाकते. म्हणून दर बारा दिवसांनी त्या साऱ्या उलटाव्या लागत, आणि ते एकट्याचे काम नव्हे. नोव्हेंबरात तो "तुम्ही जरा तिकडून धरा" म्हणत असे. डिसेंबरात त्याच्या हातांना चिरा पडल्या, तेव्हा तिने आपले लोकरी हातमोजे काढून त्याच्यापुढे धरले. ते त्याच्या निम्म्या बोटांपर्यंतच गेले. त्यानंतरच्या पाळीला तो म्हणाला, "तू तिकडून धर—" आणि थबकला... तिने तिकडून धरले.

हेयिंगच्या कानाची त्या पंचक्रोशीत ख्याती होती. ती बोटाच्या पेराने फळीवर टकटक करी, मान किंचित कलती करून ऐके, आणि फळी तयार असेल तर तिच्यावर खडूने वर्तुळ काढी. ते वर्तुळ पाहिल्यावर म्हातारे कारागीरही दुसरा शब्द काढीत नसत.

एप्रिलमध्ये थुंगची झाडे जांभळ्या फुलांनी लगडली. एका दुपारी यानबो आला तो नेहमीसारखा चेष्टा करीत आला नाही.

"दक्षिणेतून नोकरी सांगून आलीय. वाद्यांच्याच कारखान्यात." तो फळ्यांकडे पाहत होता. "या तयार असतील, तर मी इथंच सुरुवात करतो. नसतील, तर जावं लागेल. आणखी वर्षभर नुसतं बसून राहणं मला शक्य नाही. एकच हिवाळा झालाय, ठाऊक आहे मला. पण गंग काका म्हणतात, छोट्या वाद्याला एखादवेळी पुरतो. म्हणून... तू ऐक. तू म्हणशील ते."

हेयिंगने पहिल्या फळीवर टकटक केली. तयार लाकडाचा आवाज आधी खोल जातो आणि मग उजळून वर येतो. हा खोल गेला तो तिथेच बसला. दुसरी फळी तशीच. तिसरीही. तिने मान कलती ठेवली, कारण ती सरळ केली असती तर त्याच्याकडे पाहावे लागले असते.

"काय?" त्याने हळूच विचारले.

"तयार आहेत," ती म्हणाली, आणि खडू उचलला.

तो उन्हाळा हेयिंगच्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. हार्प भराभर खपल्या. संध्याकाळी दोघे नदीच्या बांधावर जात, तो म्हणे, "मान्य कर, मी जिंकलो," आणि ती म्हणे, "हिवाळा तर येऊ दे." हे शब्द तोंडातून निघताच प्रत्येक वेळी तिला फळ्यांचा तो बसका आवाज आठवे, आणि तरी ते निघत.

जानेवारीत हार्बिनहून पहिली तक्रार आली. उत्तरेकडची घरे आतून भट्टीसारखी तापवलेली. त्या कोरड्या उष्णतेत हार्पची फळी उभी तडकली होती. आठवड्याभरात तशाच चाळीस, महिन्याअखेर दोनशे. फोनवरच्या थेट प्रक्षेपणात बसून यानबो रोज दुपारी एकेका गिऱ्हाईकाची क्षमा मागू लागला. पडद्यावर शिव्यांची रांग सरकत राही. फळ्या कोणी पारखल्या होत्या, हे त्याने एकदाही सांगितले नाही.

क्षमा मागू लागल्याच्या सातव्या दिवशी तो तिच्या अंगणात आला. हातात एक तडकलेली हार्प होती.

"एकच विचारतो. तेव्हा तुला ऐकू आलं नव्हतं?"

कान चुकला, असे तिला सांगता आले असते. कोणाचाही चुकतो, त्याने ते मान्यही केले असते.

"आलं होतं," ती म्हणाली.

"मग?"

"तू जाऊ नयेस म्हणून... आवडतोस तू मला. पहिल्या दिवसापासून."

यानबो बराच वेळ हार्पच्या चिरेवरून अंगठा फिरवीत राहिला.

"वेडे," तो शेवटी म्हणाला, "नाही म्हणाली असतीस तर मी गेलो असतो, हे खरं. फळ्या इथंच राहिल्या असत्या. तुझ्या बाबांशी बोललो होतो मी. दुसरा हिवाळा संपला की परत येणार होतो. फळ्यांसाठी... आणि त्यांना दुसरंही काही विचारायचं होतं."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर ते मनात घेऊन तुला फळीचं खरं ऐकता आलं असतं?"

त्याने चुकीचे विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी यानबो फोनसमोर बसला असता हेयिंग सरळ त्याच्या शेजारी येऊन बसली. "काय करतेस? ऊठ," तो कुजबुजला. ती उठली नाही.

"फळ्या कच्च्या होत्या," तिने पडद्याकडे पाहून सांगितले. "मला कळलं होतं, तरी मी तयार म्हणून खूण केली. यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, एवढीच यांची चूक. शिव्या मला द्या." मग तिने आपले पूर्ण नाव आणि गाव सांगितले.

गावाने ते पाहिले. गंग काकांनी त्याच आठवड्यात आपल्या फळ्या पारखायला दुसऱ्या माणसाला बोलावले. यानबोने दक्षिणेतली नोकरी पत्करली. तडकलेली प्रत्येक हार्प बदलून द्यायचे त्याने ठरवले होते, आणि त्यासाठी लागणारे मुरलेले लाकूड त्या कारखान्यातच मिळणार होते. निघायच्या सकाळी तो निरोप घ्यायला आला. बारीक हिम पडत होते.

"आता तुझ्याकडे कोणी फळी घेऊन यायचं नाही," तो म्हणाला. "कशाला बोललीस? मी निभावून नेत होतो."

"ते तुझं नव्हतं निभावायचं." तिने त्याच्या खांद्यावरचे हिम झटकले, आणि हात लगेच मागे घेतला. "तू आणशील? फळी?"

तो विचार करीत राहिला. इतर कोणी चटकन हो म्हटले असते.

"आणीन," तो म्हणाला. "तुझ्या कानावर माझा आजही विश्वास आहे."

आपल्या शब्दावरही आहे का, हे तिने विचारले नाही. विचारले असते, तर त्याने खरे तेच सांगितले असते.